वकिलात, वकील आणि परमुलखातला आरोपी

मराठीत परराष्ट्राच्या दूतावासाला ‘वकिलात’ म्हणण्याची रीत अजून पुरती मोडलेली नाही, आणि न्यायालयात अशिलाची बाजू मांडणाऱ्यालाही मराठी माणूस ‘वकील’ याच शब्दाने ओळखतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ दुसऱ्याच्या वतीने काम पाहण्यासाठी नेमलेला माणूस, एवढाच आहे. पेशव्यांच्या वतीने दिल्लीत राहिलेले हिंगणे किंवा निजामाच्या दरबारी राहिलेले गोविंदराव काळे हे या जुन्या अर्थाने वकील होते. त्यांची नेमणूक दौलतीच्या कामासाठी असे, परमुलखात खुनाच्या आळाखाली धरल्या गेलेल्या एखाद्या रयतेसाठी नव्हे. शब्दाचे हे दोन अर्थ विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील मृत्युदंडाच्या कोठड्यांपाशी एकमेकांना येऊन भिडले, कारण तेथे विचारला गेलेला प्रश्न नेमका असा होता की, परकीय आरोपीला पकडल्याची वार्ता त्याच्या वकिलातीला वेळेवर कळली असती, तर त्याला अधिक चांगला वकील मिळाला असता काय आणि त्याचा जीव वाचला असता काय. १९९८ ते २००४ या काळात हा प्रश्न तीन वेगवेगळ्या देशांनी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला, तिन्ही वेळा प्रतिवादी अमेरिकाच होती, आणि तेथे घडलेल्या कायद्याचा आधार पुढे महाराष्ट्रातील कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात भारताला घेता आला.

राजदूत आणि वाणिज्यदूत यांतला भेद येथे आधी ध्यानात घ्यावा लागतो. राजदूत राजधानीत बसतो आणि सरकारशी बोलतो. वाणिज्यदूत, ज्याला इंग्रजीवरून कॉन्सुल म्हणतात, तो बंदरांत आणि व्यापारी शहरांत राहून आपल्या देशाच्या माणसांची कामे पाहतो, आणि त्याच्या नावातला ‘वाणिज्य’ हा शब्द तो मुळात व्यापाऱ्यांसाठी व खलाशांसाठी नेमला जात असे याची खूण आहे. दारू पिऊन दंगा केलेला खलाशी सोडवणे, मेलेल्या व्यापाऱ्याची मालमत्ता वारसांपर्यंत पोहोचवणे, अडकून पडलेल्याला घरी धाडणे ही त्याची जुनी कामे होत. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य सत्तांनी आशियातील दुबळ्या राज्यांशी जे विषम करार केले, त्यांत मात्र या किरकोळ अधिकाऱ्याच्या हाती थेट न्यायदंड आला. अमेरिकेने १८४४ मध्ये चीनशी केलेल्या वांगशिया येथील करारान्वये चीनमध्ये गुन्हा करणाऱ्या अमेरिकी नागरिकाचा न्याय चिनी न्यायाधीशाने नव्हे, तर अमेरिकी वाणिज्यदूताने करायचा होता, आणि पुढे हीच तरतूद जपानमध्येही लागू झाली. १८८० मध्ये योकोहामा बंदरात एका अमेरिकी जहाजावरील खलाशाने जहाजाच्या अधिकाऱ्याचा खून केला, तेव्हा तेथल्या अमेरिकी वाणिज्यदूताच्या न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावला, अध्यक्ष हेज यांनी तो जन्मठेपेवर आणला आणि त्याची रवानगी अमेरिकेतील तुरुंगात झाली. आपण जन्माने ब्रिटिश प्रजाजन आहोत, आणि शिवाय ज्यूरी न बसवताच आपला न्याय झाला, ही त्याची तक्रार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९१ मध्ये फेटाळली. परक्या देशाच्या न्यायावर आपल्या माणसाचा जीव सोपवायला अमेरिका त्या काळी इतकी नाखूश होती, ही गोष्ट पुढचा इतिहास वाचताना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अमेरिकेच्या स्वतःच्या भूमीवर परकीय आरोपीला अशी कोणतीही सवलत नव्हती, आणि तेथे अडचण उभी राहिली ती संघराज्याच्या रचनेतून. अमेरिकी संविधानाप्रमाणे परराष्ट्रांशी करार करणे हे वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारचे काम, पण खून, दरोडा, बलात्कार यांसारखे बहुतेक गुन्हे घटकराज्यांच्या अखत्यारीत; म्हणजे वचन देणारा एक आणि ते पाळण्याची पाळी येणार ती दुसऱ्यावर. हा पेच १८४१ मध्येच पुरता उघडा पडला होता. डिसेंबर १८३७ मध्ये कॅनडातील बंडखोरांना रसद पोहोचवणारी ‘कॅरोलाइन’ ही अमेरिकी आगबोट ब्रिटिश तुकडीने नायगारा नदी ओलांडून जाळली आणि त्यात एक अमेरिकी माणूस मारला गेला. तीन वर्षांनी अलेक्झांडर मॅकलाउड या कॅनडातील ब्रिटिश प्रजाजनाला न्यूयॉर्क राज्यात त्या खुनाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. जे घडले ते ब्रिटिश सरकारच्या हुकमाने घडले, सबब व्यक्तीवर खटला चालू शकत नाही, असे सांगून वॉशिंग्टनमधील ब्रिटिश वकील हेन्री फॉक्स यांनी सुटकेची मागणी केली आणि लंडनमध्ये युद्धाची भाषा होऊ लागली. परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांना ब्रिटिशांचे म्हणणे तत्त्वतः मान्य होते, पण न्यूयॉर्कचा खटला थांबवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता आणि गव्हर्नर सीवर्ड तो थांबवायला तयार नव्हते. युटिका येथील ज्यूरीने ऑक्टोबर १८४१ मध्ये मॅकलाउडला निर्दोष ठरवले म्हणून दोन देश बचावले. पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा करून, परराष्ट्राच्या हुकमावरून कृत्य केल्याचे सांगणाऱ्या कैद्याची बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका, म्हणजे कैद्याला न्यायालयापुढे हजर करून कैदेचे कारण तपासण्याची मागणी, ऐकण्याचा अधिकार केंद्रीय न्यायालयांना दिला. तो उपाय एका विशिष्ट रोगापुरता होता, आणि रोग तर साऱ्या शरीरात भिनलेला होता.

पन्नास वर्षांनी न्यू ऑर्लिन्समध्ये तो पुन्हा दिसला. ऑक्टोबर १८९० मध्ये तेथील पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी यांचा खून झाला, संशय शहरातील सिसिलियन वस्तीवर गेला, आणि खटला चाललेल्यांपैकी एकावरही दोष सिद्ध न झाल्यामुळे खवळलेल्या जमावाने १४ मार्च १८९१ रोजी तुरुंग फोडून अकरा जणांना ठार मारले. इटलीचे वाणिज्यदूत पास्क्वाले कोर्ते यांनी त्या सकाळी संरक्षणासाठी गव्हर्नरकडे धाव घेतली होती, पण महापौरांची विनंती आल्याखेरीज आपल्याला काही करता येत नाही असे उत्तर त्यांना मिळाले, आणि महापौर काही सापडेनात. इटलीने वॉशिंग्टनमधील आपला वकील माघारी बोलावला. परराष्ट्रमंत्री ब्लेन यांनी घटकराज्याच्या कारभारात केंद्राला हात घालता येत नाही हे पालुपद लावले. आणि अखेर १८९२ मध्ये मृतांच्या कुटुंबांसाठी २५,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवले गेले. करारांनी परकीयांना दिलेल्या हक्कांचा भंग हा केंद्राच्या कायद्याखालील गुन्हा मानावा, अशी सूचना अध्यक्ष हॅरिसन यांनी काँग्रेसला केली होती. काँग्रेसने ती केराच्या टोपलीत टाकली.

आतापर्यंतच्या प्रकरणांत वकिलात निदान आपल्या माणसाच्या बाजूने उभी होती. हिंदुस्थानातून अमेरिकेत गेलेल्यांचे दुर्दैव असे की, त्यांची वकिलात म्हणजे ब्रिटिश वकिलात, आणि पॅसिफिक किनाऱ्यावर १९१३ मध्ये ब्रिटिश राजवट उलथून टाकू पाहणारी गदर चळवळ उभी राहिल्यावर त्या वकिलातीला हे प्रजाजन सोडवण्यापेक्षा तुरुंगात घालण्यातच अधिक रस होता. या चळवळीत पंजाबी शेतमजुरांचा भरणा मोठा असला, तरी तिच्या आरंभीच्या संघटकांत वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होते, आणि अभियांत्रिकी शिकण्यासाठी अमेरिकेत गेलेले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे हेही होते. पिंगळे १९१४ च्या अखेरीस हिंदुस्थानात परतले, मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासह फासावर चढले. खानखोजे मात्र पुढे मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगो येथील कृषिशिक्षणसंस्थेत मक्यावरील संशोधनाने नावारूपाला आले.

अमेरिकेत मागे राहिलेल्यांवर सॅन फ्रान्सिस्को येथे २० नोव्हेंबर १९१७ पासून जो खटला चालला, तो हिंदू-जर्मन कटाचा खटला म्हणून ओळखला जातो. त्या काळी अमेरिकेत ‘हिंदू’ म्हणजे कोणत्याही धर्माचा हिंदुस्थानी माणूस, त्यामुळे आरोपींतले शीखही त्या नावाखालीच मोडत. आरोप खुनाचा नव्हता, तर अमेरिका तटस्थ असताना तिच्या भूमीवरून मित्रराष्ट्राविरुद्ध सशस्त्र मोहीम रचून तटस्थतेचा कायदा मोडल्याचा होता. वाणिज्यदूत या संस्थेची इतकी उलटापालट दुसऱ्या कोणत्याही न्यायालयात क्वचितच झाली असेल: जर्मनीचे सॅन फ्रान्सिस्कोमधील महावाणिज्यदूत फ्रान्झ बॉप हे स्वतः आरोपींच्या पिंजऱ्यात होते, आणि हिंदुस्थानी आरोपींचा कायद्याने जो पालक, त्या ब्रिटनचे अधिकारी व गुप्तचर सरकारी पक्षाला पुरावे, साक्षीदार आणि भाषांतरे पुरवत होते. २३ एप्रिल १९१८ रोजी भर न्यायालयात गदरचे नेते रामचंद्र यांना सहआरोपी रामसिंग यांनी गोळी घातली आणि न्यायालयाच्या रक्षकाने रामसिंग यांना तेथेच टिपले. बहुतेक आरोपी दोषी ठरले, तरी शिक्षा तुलनेने हलक्या होत्या. खरी भीती होती ती शिक्षा भोगून झाल्यावर हद्दपार होऊन ब्रिटिशांच्या हाती पडण्याची, आणि म्हणूनच १९१९ नंतर या हद्दपारीविरुद्ध अमेरिकेतील हिंदुस्थानमित्रांनी मोहीम उघडली. आपल्या माणसाला पकडले आहे ही बातमी त्याच्या वकिलातीला देणे म्हणजे प्रत्येक वेळी त्याच्यावर उपकार करणे नव्हे, हा धडा या खटल्यात जितका ठळक आहे तितका अन्यत्र नाही. मॅसॅच्युसेट्समधील सॅको आणि व्हॅन्झेटी या इटालियन अराजकतावाद्यांच्या वाट्याला, १९२७ मध्ये त्यांना मृत्युदंड देण्यात आला त्या वेळी, जी वकिलात होती ती मुसोलिनीच्या सरकारची होती. ते सरकार दयेसाठी आतून खटपट करत असले, तरी अराजकतावाद्याला फॅसिस्ट पाठीराखा हा अवघडच प्रकार होता.

हिंदुस्थानला वॉशिंग्टनमध्ये स्वतःचा असा प्रतिनिधी मिळाला तो १९४१ मध्ये, गिरिजाशंकर बाजपेयी यांच्या रूपाने, आणि तोही ब्रिटिश राजवटीचा एजंट जनरल म्हणून. भारताचे पहिले राजदूत असफ अली १९४७ मध्ये रुजू झाले.

१९६३ च्या वसंतात व्हिएन्ना येथे भरलेल्या परिषदेत वाणिज्यदूतांविषयीचे शतकानुशतकांचे विखुरलेले संकेत एका करारात गोवण्यात आले, आणि त्यातले कलम ३६ हे येथील कथेचे मध्यवर्ती सूत्र होय. परकीय नागरिकाला अटक झाली, तर ‘विनाविलंब’ त्याला सांगावे की त्याला हवे असल्यास त्याच्या वाणिज्यदूताला कळवले जाईल. त्याने होकार दिल्यास तसे कळवावे. वाणिज्यदूताला त्याला भेटण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा व पत्रव्यवहार करण्याचा आणि त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करण्याचा हक्क असावा, असे ते कलम सांगते. वार्ता आपोआप द्यावी की आरोपीने मागितल्यावर, यावर परिषदेत बरीच ओढाताण झाली. प्रवाशांचे लोंढे येणाऱ्या देशांना कामाचा बोजा नको होता, आणि आपल्याच सरकारपासून पळालेल्या माणसाचा ठावठिकाणा त्या सरकारला कळू नये ही चिंताही खोटी नव्हती. ‘त्याला हवे असल्यास’ हे शब्द अखेर कलमात राहिले. गदरच्या आरोपींना त्यांचे मोल कोणी समजावून सांगावे लागले नसते. काही देशांशी अमेरिकेचे स्वतंत्र द्विपक्षीय करार असून त्यांच्या नागरिकांबाबत वकिलातीला कळवणे आरोपीच्या इच्छेवर अवलंबून नसते. ब्रिटन आणि चीन त्या यादीत आहेत, भारत नाही, त्यामुळे अमेरिकेत अटक झालेल्या भारतीयाने स्वतः हो म्हटल्याखेरीज त्याची बातमी वकिलातीला देण्याचे बंधन पोलिसांवर नाही.

करारासोबत एक ऐच्छिक उपकरारही होता, ज्यावर सही करणाऱ्या देशांनी आपसातील तंटा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सोडवावा हे आधीच मान्य केलेले असे. अमेरिकेने १९६९ मध्ये दोन्हींना मान्यता दिली, आणि दहा वर्षांनी तेहरानमधील तिच्या वकिलातीतील माणसांना ओलीस धरले गेले तेव्हा इराणविरुद्ध याच उपकराराचा आधार घेऊन ती हेगला गेली व १९८० मध्ये जिंकली. घरी मात्र करार कागदावरच होता. अमेरिकेत सुमारे १८,००० निरनिराळी पोलीसदले आहेत, काही महानगरांची तर काही एखाद्या शेरीफची व त्याच्या चार हवालदारांची, आणि वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्याने छापलेल्या पुस्तिका व खिशात ठेवण्याची कार्डे यांपैकी किती जणांच्या हाती पडली आणि पडलेल्यांपैकी किती जणांनी वाचली, याचा अंदाज पुढच्या खटल्यांवरून येतो.

पहिला खटला पॅराग्वेचा. त्या देशाचे नागरिक आंखेल ब्रेआर्द यांना १९९२ मध्ये व्हर्जिनियात खून आणि बलात्काराच्या प्रयत्नाबद्दल अटक झाली, पण वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क त्यांना कोणी सांगितला नाही आणि पॅराग्वेला या प्रकरणाचा पत्ता लागला तो १९९६ मध्ये. दरम्यान जे घडले त्यात वकिलातीच्या अभावाचा अर्थ उघड होतो. गुन्हा कबूल केल्यास जन्मठेपेवर भागवण्याची तयारी सरकारी पक्षाने दाखवली होती. ब्रेआर्द यांनी आपल्या वकिलांचा सल्ला झुगारून ती नाकारली आणि ज्यूरीसमोर साक्षीला उभे राहून सारे कबूल केले, कारण मोकळेपणी कबुली दिली की न्याय करणाऱ्यांचे मन द्रवते अशी त्यांची समजूत होती. अमेरिकी ज्यूरी अशा कबुलीने द्रवत नाही, उलट तिच्याच आधारे मृत्युदंड देते, हे त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच देशाच्या रीतीशी ताडून सांगणारा माणूस म्हणजे वाणिज्यदूत. पॅराग्वेने ३ एप्रिल १९९८ रोजी हेगला धाव घेतली, ९ एप्रिलला न्यायालयाने शिक्षा स्थगित ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला, आणि त्यानंतर अमेरिकेच्या सरकारने एकाच तोंडाने दोन गोष्टी सांगितल्या: परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट यांनी व्हर्जिनियाच्या गव्हर्नरना शिक्षा थांबवण्याची विनंती करणारे पत्र पाठवले, आणि त्याच सरकारच्या कायदे अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की हेगचा आदेश बंधनकारक नाही. १४ एप्रिलच्या रात्री शिक्षा अमलात आली. पुढे अमेरिकेने माफी मागितली आणि पॅराग्वेने दावा मागे घेतला.

जर्मनीने माफीवर भागवले नाही. कार्ल आणि वॉल्टर लाग्रँड हे जर्मनीत जन्मलेले भाऊ लहानपणीच अमेरिकेत आले होते, त्यांचे बोलणेचालणे सारे अमेरिकी होते, आणि १९८२ मध्ये ॲरिझोनातील माराना येथील बँक लुटताना त्यांनी व्यवस्थापकाचा खून केला. आपण जर्मन नागरिक आहोत आणि आपल्याला वकिलात आहे, हे त्यांना बरोबरच्या कैद्यांकडून कळले, आणि १९९२ मध्ये त्यांनीच आपल्या वकिलातीला कळवले. ॲरिझोनाच्या अधिकाऱ्यांना त्यांचे नागरिकत्व त्याआधी दहा वर्षे ठाऊक होते, हे पुढे उघड झाले. १९९२ मध्ये मात्र ‘प्रक्रियात्मक चुकी’चा नियम आडवा आला. या अमेरिकी नियमाप्रमाणे जी हरकत राज्याच्या न्यायालयात योग्य वेळी घेतली नाही, ती नंतर केंद्रीय न्यायालयात घेता येत नाही. हक्कच सांगितला गेला नाही म्हणून हरकत घेतली नाही, आणि हरकत घेतली नाही म्हणून हक्क बुडाला, असे हे चक्र होते, आणि त्यातून बाहेर पडण्याची वाट अमेरिकी कायद्यात नव्हती. कार्ल यांना २४ फेब्रुवारी १९९९ रोजी विषारी इंजेक्शनाने मारण्यात आले. वॉल्टर यांच्या बाबतीत ॲरिझोनाच्या दयामंडळाने मुदत देण्याची शिफारस केली होती, जर्मन राजदूतांनी रदबदली केली होती, आणि जर्मनीने अगदी अखेरच्या क्षणी हेगहून आदेशही मिळवला होता. तरी ३ मार्च रोजी विषारी वायूच्या कोठडीत त्यांचा अंत झाला. दोन्ही भाऊ गेल्यावरही जर्मनीने दावा चालू ठेवला, हे या प्रकरणाचे वेगळेपण. वाचवण्यासारखे कोणी उरले नव्हते, पण नियम उरला होता. २७ जून २००१ च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोन गोष्टी कायमच्या ठरवल्या: कलम ३६ चा हक्क केवळ राष्ट्रांचा नसून अटकेतल्या व्यक्तीचाही आहे, आणि न्यायालयाचे अंतरिम आदेश सल्लेवजा नसून बंधनकारक आहेत.

मेक्सिकोची गोष्ट संख्येमुळे निराळी ठरते. अमेरिकेत मृत्युदंडाच्या छायेत असलेल्या परकीयांत सर्वांत मोठा गट मेक्सिकन नागरिकांचा होता, आणि मेक्सिकन सरकारने केवळ निषेधाची पत्रे पाठवण्याऐवजी २००० मध्ये स्वतःच्या खर्चाने एक विशेष यंत्रणा उभी केली, जी मृत्युदंडाचा संभव असलेल्या प्रत्येक खटल्यात आरोपीच्या अमेरिकी वकिलांना साह्य देत असे. अमेरिकी पद्धतीत अशा खटल्याचे दोन टप्पे असतात, आधी दोषनिश्चिती आणि मग शिक्षानिश्चिती, आणि दुसऱ्या टप्प्यात आरोपीचे बालपण, दारिद्र्य, डोक्याला झालेली इजा, बुद्धीची मंदता अशी शिक्षेची तीव्रता कमी करणारी सारी परिस्थिती ज्यूरीपुढे मांडता येते. ती परिस्थिती मेक्सिकोतल्या कुठल्यातरी खेड्यात, शाळेच्या दप्तरात, सुईणीच्या आठवणीत दडलेली असते, आणि सरकारने तुटपुंज्या पैशांवर नेमून दिलेला टेक्सासचा वकील तेथपर्यंत जाईल अशी आशा करण्यात अर्थ नसतो. वाणिज्यदूत तेथे जाऊ शकतो. वकिलात आणि वकील या दोन शब्दांचे नाते इतके व्यवहारी रूप घेताना दुसरीकडे क्वचितच दिसते.

जानेवारी २००३ मध्ये मेक्सिकोने पन्नासांहून अधिक नागरिकांच्या वतीने हेगमध्ये दावा लावला. ‘अव्हेना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल ३१ मार्च २००४ रोजी लागला. ५२ पैकी ५१ प्रकरणांत हक्क न सांगून अमेरिकेने करार मोडल्याचे न्यायालयाने ठरवले. शिक्षा रद्द कराव्यात ही मेक्सिकोची मागणी मात्र न्यायालयाने मानली नाही. हक्क डावलल्याने आरोपीचे प्रत्यक्ष नुकसान झाले काय याचा प्रत्येक प्रकरणात ‘फेरआढावा आणि पुनर्विचार’ न्यायालयीन मार्गाने व्हावा, एवढेच त्याने सांगितले. ओक्लाहोमाने त्याच वसंतात एका मेक्सिकन कैद्याची शिक्षा जन्मठेपेवर आणून निकालाचा मान राखला. टेक्सासने तसे काही केले नाही.

टेक्सासमधल्या होसे मेदेयिन यांचे प्रकरण या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे, आणि ते वाचताना एक गोष्ट आधी मान्य केली पाहिजे: १९९३ मध्ये ह्यूस्टनमध्ये दोन किशोरवयीन मुलींवर झालेला अत्याचार व त्यांचा खून हा इतका भयानक गुन्हा होता की, पंधरा वर्षे न्यायाची वाट पाहणाऱ्या त्यांच्या आईबापांना एका दूरच्या कराराचा भंग ही क्षुल्लक बाब वाटली असल्यास त्यात नवल नाही. आरोपीने आपला जन्म मेक्सिकोत झाल्याचे अटकेतच सांगितले होते. मेक्सिकन वकिलातीला कळले ते १९९७ मध्ये, मृत्युदंडाच्या कोठडीतून त्यांनी लिहिलेल्या पत्रावरून. २८ फेब्रुवारी २००५ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी, जे पूर्वी टेक्सासचेच गव्हर्नर होते, राज्यांच्या न्यायालयांनी अव्हेना निकालाचे पालन करावे असा लेखी आदेश काढला. आणि एक आठवडा उलटतो न उलटतो तोच, ७ मार्चला, अमेरिकेने तो ऐच्छिक उपकरारच सोडून दिला, म्हणजे यापुढे असा दावा तिच्यावर लावता येऊ नये. टेक्सासच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिलेले राज्याचे कायदे अधिकारी टेड क्रूझ हे पुढे सिनेटर झाले. २५ मार्च २००८ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिले की, आंतरराष्ट्रीय निकाल पाळण्याचे बंधन अमेरिकेवर आहे, पण ते बंधन स्वतःहून देशांतर्गत कायदा होत नाही. काँग्रेसने कायदा केला तरच राज्ये बांधली जातात, आणि अध्यक्षांना एकट्याच्या बळावर ते करता येत नाही. बहुमताशी सहमत असलेल्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी मात्र वेगळे मतपत्र लिहून, टेक्सासने आपण होऊन हा पुनर्विचार करावा, त्यात राज्याचे फारसे काही जाणार नाही, असे सुचवले. ५ ऑगस्ट २००८ रोजी हंट्सव्हिल येथे मेदेयिन यांची शिक्षा अमलात आली. डॅनियल वेबस्टर यांनी १८४१ मध्ये ब्रिटिशांना दिलेले उत्तर आणि हे उत्तर यांत फरक एवढाच की, पहिले अगतिकतेने दिलेले होते आणि दुसरे घटनात्मक सिद्धान्त म्हणून.

काँग्रेसने कायदा केला नाही. सिनेटर पॅट्रिक लेही यांनी २०११ मध्ये विधेयक मांडले आणि ते संमत होईपर्यंत एका मेक्सिकन कैद्याची शिक्षा थांबवावी अशी विनंती ओबामा सरकारने सर्वोच्च न्यायालयाला केली, ती पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली गेली. सुधारणा झाल्या त्या खालून आणि कडेकडेने: कॅलिफोर्नियाने अटकेची नोंद केल्यावर किंवा दोन तासांहून अधिक काळ अडकवून ठेवल्यावर परकीयाला हा हक्क सांगण्याचा कायदा केला, आणि केंद्रीय न्यायालयांच्या फौजदारी नियमांत २०१४ च्या अखेरीपासून पहिल्याच सुनावणीत ही माहिती देण्याची तरतूद आली.

व्हिएन्ना कराराची दुसरी बाजू, म्हणजे वाणिज्यदूतच आरोपी असण्याची, मराठी वाचकांना परिचित आहे ती देवयानी खोब्रागडे यांच्यामुळे. न्यूयॉर्कमधील भारताच्या या उपमहावाणिज्यदूतांना घरकामगाराच्या व्हिसासाठी वेतनाची खोटी माहिती दिल्याच्या आरोपावरून १२ डिसेंबर २०१३ रोजी अटक झाली. आरोप त्यांनी नाकारला. राजदूताला संपूर्ण संरक्षण असते, पण वाणिज्यदूताला ते केवळ पदाच्या कामापुरते मिळते, आणि ‘गंभीर गुन्हा’ असल्यास न्यायालयाच्या हुकमाने त्यालाही अटक होऊ शकते. गंभीर म्हणजे किती, हे करार सांगत नाही. भारताने त्यांची संयुक्त राष्ट्रांतील कायम प्रतिनिधिमंडळात बदली करून पूर्ण संरक्षण मिळवले, जानेवारी २०१४ मध्ये त्या मायदेशी परतल्या, आणि दरम्यान दिल्लीत अमेरिकी वकिलातीसमोरचे सुरक्षेचे अडथळे हटवले गेले. अडथळे हटवणे हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग नव्हे, पण वकिलातींच्या इतिहासात अशा उट्ट्यांची परंपरा जुनी आहे.

अमेरिकेने न पाळलेल्या निकालांचा खरा उपयोग तिसऱ्याच देशाला झाला. पाकिस्तानने मार्च २०१६ मध्ये कुलभूषण जाधव यांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडल्याचे जाहीर केले, भारताने वारंवार मागूनही वकिलातीची भेट नाकारली, आणि एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड दिला. भारत आणि पाकिस्तान दोघेही ऐच्छिक उपकरारात सामील होते, त्यामुळे ८ मे २०१७ रोजी भारताला हेगचा दरवाजा ठोठावता आला. अंतरिम आदेश बंधनकारक असतात हे लाग्रँड निकालाने सोळा वर्षांपूर्वी ठरवून ठेवले असल्याने १८ मेच्या आदेशानंतर शिक्षा थांबली. भारताची बाजू नागपूरच्या साळवे घराण्यातले हरीश साळवे यांनी मांडली. हेरगिरीच्या आरोपीला कलम ३६ लागू होत नाही हा पाकिस्तानचा युक्तिवाद १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी फेटाळला गेला. पण सुटकेची भारताची मागणीही मान्य झाली नाही, आणि न्यायालयाने दिला तो अव्हेनातलाच उपाय, परिणामकारक फेरआढावा आणि पुनर्विचार.

२ सप्टेंबर २०१९ रोजी भारताच्या प्रभारी उच्चायुक्तांची आणि जाधव यांची भेट झाली. पाकिस्तानने फेरआढाव्यासाठी २०२० मध्ये अध्यादेश काढला आणि प्रकरण इस्लामाबादच्या उच्च न्यायालयात गेले. तेथे घोडे अडले ते वकिलावर: भारताने भारतीय वकील किंवा ब्रिटनच्या राणीचा सनदी वकील नेमू द्यावा अशी मागणी केली, आणि पाकिस्तानची सनद असलेल्याखेरीज कोणालाही त्या न्यायालयात उभे राहता येणार नाही, असे उत्तर पाकिस्तानने दिले.